आबांनी गिरणी पाहिली ते वर्ष

लग्न होऊन मी धुळ्याला आले, तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. कापडगिरणीमागे चाळींच्या नव्या रांगा उभ्या राहत होत्या. गेल्या वर्षी जिथे ज्वारी होती, तिथे आता कुणाची तरी चूल पेटलेली दिसे. माझे यजमान गिरणीत फिटर होते. सुताच्या खात्यात बायका हव्या आहेत, असं त्यांनी सांगितलं, आणि माझ्या मनाने घेतलं. पण शिरपूरकडून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा निरोप आला: आपल्या घरची लेक कारखान्यात जाणार नाही.

दसऱ्याला आबा आमच्याकडे आले. त्या दिवशी यंत्रांची पूजा असे आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडत. यजमान आम्हा दोघांना घेऊन गेले.

आबांनी जन्मभर कापूस पिकवला. गाडी सरकी काढणाऱ्या जिनात रिकामी केली, की त्यांचा त्याच्याशी संबंध संपे. पुढे काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पूजा आटोपल्यावर मुहूर्ताला एक यंत्र सुरू केलं, तशी पायाखालची फरशी थरथरली. वरून कापसाचे करंगळीएवढे मऊ पेळू उतरत होते आणि खाली केसासारखं सूत होऊन गरगरणाऱ्या चात्यांवर चढत होते. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. चारचौघांत त्यांना बोडकं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हाऊ बठ्ठा आपलाच कापूस शे का?"

"सगळा आपलाच, आबा," यजमान म्हणाले.

तेवढ्यात एक धागा तुटला. यंत्रावरची बाई हसून म्हणाली, "जोडता का, आबा?"

आबांनी दोनदा करून पाहिलं. त्यांच्या राठ बोटांना टोक सापडेचना. मग मी पुढे झाले. तिने दाखवलं तसं टोक धरून पीळ दिला, आणि धागा पुन्हा धावू लागला.

घरी जेवताना आबा एकदम म्हणाले, "तुना हात चांगला शे, माय. जाय तू कामले."

दिवाळीनंतर मी कामावर लागले. माहेरी गेले, की पारावरची माणसं विचारत, दिवसाला किती लांब सूत निघतं? मी म्हणे, त्या धाग्याच्या इथून धुळ्याला किती खेपा होतील, कोण जाणे. थट्टा समजून कुणी हसत नसे. आबा तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेत.