दोन रविवारांची टेस्ट

"तुला घेतलं की नवीनला कुठं ठेवू, डोक्यावर?"

"ठेव की. साहेबाच्या हापिसात कारकून आहे म्हणून डोक्यावरच बसवलायस तू त्याला, बलरामदादा."

"परशा, नवीन धावतो. तू चेंडूमागं निघालास की मयताला निघाल्यासारखा वाटतोस."

ओसरीवरचे सगळे हसले. परशुरामच्या डाव्या पायावरून एकदा उसाची गाडी गेली होती, हे हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बलराम त्याच्या बायकोचा थोरला भाऊ आणि गावच्या संघाचा कप्तान. त्याला तर ते सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, कारण गाडी तोच हाकत होता.

हे समुद्रापलीकडच्या बेटावरच्या प्लेन दे पपाय या मराठी ऊसमजुरांच्या गावचं, एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या ऊसतोडीतलं. परशुराम चाळिशीचा, गाडीत ऊस भरणारा. डाव्या हातानं फिरकी टाकायचा. बारा वर्षं त्यानं सरावात गावातल्या प्रत्येक फलंदाजाला चेंडू टाकले. अकरांत मात्र एकदाही आला नाही. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. एकदा पांढरे कपडे घालून, नाव पुकारल्यावर, दोरीच्या आत पाऊल टाकायचं होतं.

त्या साली बंदरात दुरुस्तीला थांबलेल्या इंग्रजी जहाजाचा संघ गावाशी खेळायला आला होता. सहा दिवस कोयते चालू, म्हणून पहिला डाव एका रविवारी आणि दुसरा पुढच्या रविवारी. गाव त्याला ऐटीत टेस्ट म्हणायचं. खेळपट्टी बायका सारवायच्या, अंगण सारवतात तशीच: माती, शेण आणि कारखान्यातली थोडी मळी. परशुरामची बायको जमुना त्यांच्यात पुढे असायची. त्या पट्टीवर चेंडू टप्पा खाऊन दमायचा, रेंगाळायचा आणि मग भलतीकडेच निघायचा.

पहिल्या रविवारी पाहुण्यांचं पार हसं झालं. चेंडू पोचायच्या आधीच त्यांची बॅट फिरून झालेली असायची. कोणी पुढे झेपावून यष्टिचीत झाला, कोणी आडवी बॅट मारून त्रिफळा उडवून घेतला. जेवणाआधी सगळे परत. नवीनला पाच बळी मिळाले. संध्याकाळपर्यंत गावानं भरपूर आघाडी घेतली. बलरामनं परशुरामला मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्यावाचून काही अडलं का रे?

सोमवारी पाहुण्यांच्या कप्तानाचं बोलावणं आलं. त्यानं जेवणाच्या सुट्टीत परशुरामला रिकाम्या यष्ट्यांवर चेंडू टाकताना पाहिलं होतं. हार्डिंग त्याचं नाव. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, बोलायला गोड. आम्हाला रोज संध्याकाळी टाकशील का, म्हणाला. आणि दुसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी क्युरपिप शहरातल्या क्लबाशी आमचा सामना आहे, तिथं तू आमच्याकडून खेळ.

बारा वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं.

पाहुणे कारखान्याच्या मॅनेजरच्या बंगल्यावर उतरले होते, त्याच्यामागं परशुरामनं स्वतःच्या हातांनी पट्टी सारवली. मग एकेकाचा खालचा हात धरून बॅटवरची पकड सैल करवली. चेंडूच्या मागं धावू नका, त्याला येऊ द्या. पुढे जायचं तर टप्प्यापर्यंत जा, नाहीतर पार मागं सरका, मधे अडकू नका. चेंडू हातातून सुटण्याआधी टाकणाऱ्याचं मनगट बघा. पहिला तासभर एकेक धाव घ्या, तेवढ्यात नवीन कंटाळतो. इंग्रजी अपुरं पडलं की तो क्रिओलमध्ये, बेटावरच्या बोलीत, ओरडायचा, "पा अस्तेर, पा अस्तेर," म्हणजे अजून नाही, अजून नाही, आणि चेंडू अगदी डोळ्यांखाली आला की "अस्तेर!", म्हणजे आता! गोरी पोरं ते गाण्यासारखं म्हणू लागली.

घरी त्यानं बंगल्यावर तबेला साफ करतोय असं सांगितलं. पांढरा सदरा धुऊन वाळत घातला तेव्हा जमुनानं विचारलं, कुणाचं लग्न आहे का? तो हो म्हणाला.

दुसऱ्या रविवारी पाहुणे बाद होईनात. नवीनचा चेंडू रेंगाळला की तेही थांबायचे. पलीकडचा फलंदाज मोठ्यानं "पा अस्तेर" म्हणायचा, आणि साहेब क्रिओल शिकला म्हणून गाव खूश व्हायचं. दुपारपर्यंत खुशी ओसरली. नवीन कंटाळला, चेंडू आखूड पडू लागले, आघाडी वितळली. उन्हानं थकलेलं गाव शेवटी फलंदाजीला उतरलं, तासाभरात आटोपलं आणि हरलं.

मंडपात चहाच्या वेळी हार्डिंग भाषणाला उभा राहिला. मनापासून बोलला. तोच घात झाला. नवीन मराठीत सांगत गेला, एकही शब्द न गाळता.

"कप्तान म्हणतात, पहिल्या रविवारी आम्ही आंधळे होतो. तुमच्या परशुरामनं आठवडाभर रोज संध्याकाळी आम्हाला शिकवलं. आजचा विजय त्याचा आहे."

हार्डिंगनं बिस्किटांचा डबा पुढं केला. परशुराम तो घ्यायला गेला आणि हळूच काहीतरी बोलला. नवीननं तेही मोठ्यानं सांगितलं.

"परशुरामकाका विचारतायत, क्युरपिपला मला खेळवणार ना? कप्तान म्हणतात, फार वाईट वाटतं, पण तिथल्या क्लबात मजूर खेळत नाहीत. आणि आमचे अकरा पुरे आहेत."

आधी कोणीतरी एकटंच हसलं. मग सगळा मंडप. बलराम तेवढा हसला नाही. उद्यापासून सरावालाही येऊ नकोस, म्हणाला, चेंडू आमची पोरं टाकतील.

परशुराम घरी आला. जमुना मंडपातून आधीच परतली होती, चुलीपाशी बसली होती. तो उंबऱ्यातच बोलायला लागला. बारा वर्षं कुणी विचारलं नाही, त्यांनी विचारलं. त्यांनी खेळ म्हटलं. तिनं मान वर केली नाही.

"बंगल्यामागं पट्टी कुणी सारवली?" तिनं विचारलं.

"मी."

"कुणाचं बघून?"

त्याला खोटं सुचलं नाही. "तुझं."

"आम्ही सात जणींनी गुडघे फुटेस्तोवर सारवली होती. परवा त्याच बायकांत जाऊन बसायचंय मला."

"मी गावाला हरवायला नव्हतो गेलो," तो म्हणाला. "मला फक्त एकदा खेळायचं होतं. हसणारे हसू देत. जमुना, तुला तरी कळतंय ना?"

तिनं पातेलं खाली उतरवलं, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, त्याच्या बाजूनं उंबरा ओलांडला आणि भावाच्या घराच्या वाटेला लागली.