उनाईसीची नाडी

उनाईसी माझी नणंद आणि शेजारीण. वय त्रेसष्ट. एकदा बसली की उठत नाही, पण आवाज असा की दूर समुद्रातल्या होडीला ऐकू जावा. चटया विणण्यात आख्ख्या बेटावर तिचा हात कुणी धरणार नाही, आणि हे ती स्वतःच सांगते म्हणून आम्हाला सांगावं लागत नाही.

तिची एकुलती एक लेक लोसालिनी सिडनीत नर्स आहे. दर रविवारी चर्च सुटलं की तिचा फोन यायचा. उनाईसी नीरफणसाखाली चटई टाकून तासभर बोलायची. निम्मं गाव ऐकायचं, मधूनमधून उत्तरंही द्यायचं.

गेल्या वर्षी उनाईसीच्या छातीत धडधडलं आणि लेकीनं मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. जवळ फोन ठेवला की आईची नाडी, पावलं, झोप, सगळं तिकडे सिडनीत दिसायचं. तेव्हापासून रविवारचा फोन बंद झाला. नुसता मेसेज यायचा: 'नाडी ७२. छान आहेस. जप.'

"मी छान आहे हे तिला कळलं," उनाईसी म्हणाली. "ती कशी आहे ते मला कुठं कळलंय?"

"मग तू कर की फोन."

"आईनं करायचा? तिला वाटेल काहीतरी मागतेय."

घड्याळ पाहून तिचा भाचा पेनाईया लाळ घोटत होता. एका सोमवारी तो दारात मांडी घालून बसला. "मावशी, केरेकेरे. आठवडाभर ते घड्याळ दे." नात्यातल्या माणसानं केरेकेरे म्हणून मागितलं की आमच्यात नाही म्हणत नाहीत. लोसालिनी हे विसरली असणार, नाहीतर तिनं दोन पाठवली असती.

पेनाईया रग्बी खेळतो. मंगळवारी सकाळी तो मैदानाला फेऱ्या मारत असताना घड्याळासोबत नेलेला उनाईसीचा फोन खिशात वाजला. तो तसाच पळत तिच्याकडे आला आणि फोन तिच्या कानाला लावला. लोसालिनी होती.

"आई, नाडी एकशे साठ? काय करतेयस?"

उनाईसी बसून कंद सोलत होती. "चर्चला उशीर झाला गं, पळत होते."

"आज मंगळवार आहे."

"तरीच वाटेत कुणी भेटलं नाही."

मग दोघी पाऊण तास बोलल्या. लोसालिनीची नवी खोली एवढीशी होती की चटई अंथरायला जागा नव्हती, आणि जेवायला ती एकटीच बसायची. फोन ठेवल्यावर उनाईसी हसली, मग तिनं डोळे पुसले. मला तिची दया आली, आणि लेकीचीही.

त्यानंतर घड्याळ घरात टिकेना. पण केरेकेरे घेणाऱ्यानं करायचं असतं, देणाऱ्यानं आपणहून पुढे करणं शोभत नाही. म्हणून उनाईसी मनगट नाचवत दारोदार फिरू लागली. "बघ किती हलकं आहे. पाण्यातही चालतं म्हणे." लोक समजूतदार, मागायचे. तिचा चुलत दीर कावा, म्हणजे आमचं मुळांचं गुंगीचं पेय, पिऊन दुपारभर हलला नाही, त्या आठवड्यात लेकीचे दोन फोन आले. माझ्या हातावर होतं तेव्हा एकही नाही. माझी तब्येत ठणठणीत, त्याला मी काय करू? उनाईसीनं तोंड फुगवून घड्याळ परत नेलं.

शेवटी तिचा मेव्हणा विलिकेसा ते घेऊन मासे मारायला गेला आणि लाटेनं त्याची होडी उलटली. विलिकेसा पोहत आला. घड्याळ आणि फोन आले नाहीत.

"माझ्या फोनवरून कळव लेकीला," मी म्हटलं.

"नंबर त्याच फोनात होता वहिनी. आणि काय कळवू?"

तिकडे सिडनीत नाडी आधी एकशे सत्तरवर गेली आणि मग काहीच नाही. लोसालिनीजवळ गावातल्या दुसऱ्या कुणाचाच नंबर नव्हता. आईचे आकडे बसल्या जागी मिळत असताना माणसांचे कोण ठेवतंय?

तिसऱ्या दिवशी बोटीतून काळ्या कपड्यातली एक बाई उतरली. हातांत कापडाची गाठोडी, आणि धक्क्यावरूनच तिनं गळा काढलेला. मयताच्या घरी आम्ही असेच जातो. रडणं ऐकून उनाईसी विणकाम टाकून उठली.

"कोण गेलं गं वहिनी?"

मला माहीत नव्हतं. पण अशा वेळी गप्प राहणं बरं दिसत नाही, म्हणून तिनंही मोठ्यानं रडायला सुरुवात केली. रडत रडतच दोघी समोरासमोर आल्या.

लोसालिनीच्या हातातली गाठोडी खाली पडली. "तू कुणासाठी रडतेयस?"

"तू ज्याच्यासाठी रडतेयस त्याच्यासाठी."

"मी तुझ्यासाठी रडतेय, आई."

"मग मी थांबते," उनाईसी म्हणाली.

घरात बसल्यावर तिनं सगळं कबूल केलं. लोसालिनी संतापली. "म्हणजे मी पेनाईयाच्या नाडीला जप म्हणत होते?"

"आणि एका कावा पिणाऱ्याच्या," मी म्हटलं. दोघींनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"एकदा सांगायचंस ना, फोन कर म्हणून."

"सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं गं."

लोसालिनीनं आईचं मनगट मांडीवर ओढून घेतलं, दोन बोटं टेकवली आणि ओठ हलवत मिनिटभर नाडी मोजली.

"किती?" उनाईसीनं विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"घाईत मोजलंस. परत मोज."