पाना खाली ठेव

माघ वद्य पंचमी, सकाळचे सव्वासहा. फोनवर लक्ष्मी होती. “काका, नायना गेले,” एवढेच म्हणाली. नायना म्हणजे तिचे वडील नरसय्या. यंत्रमागाच्या शेडमधला माझा भागीदार. सुताची खरेदी आणि चादरींची विक्री मी पाहिली, यंत्रे त्याने. मी फोन ठेवला. चपला घातल्या आणि निघालो.

नरसय्याला स्वस्थ बसलेले मी पाहिलेले नाही. मागाच्या आवाजात किंचित फरक पडला, की जेवणाचे ताट सरकवून तो उठे. हातात नेहमी एकच पाना. दांडीला चादरीची पट्टी गुंडाळलेली. एकदा तो निसटून मनगट मुरगळले, तेव्हाही डाव्या हाताने नट आवळीत राहिला. पाना मात्र त्याने कधी कोणाच्या हातात दिला नाही. मागावर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. हातातून हातात गेला की भांडण होते, अशी आमच्या शेडची समजूत. तिच्यावर माझा विश्वास नव्हता. पाळली मात्र मीही.

छातीचे दुखणे झाल्यावर लक्ष्मीने त्याला जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटवर नेले. तिथली शांतता त्याला सोसवेना. पाना घेऊन घरभर हिंडे. नळ आवळ, पलंग आवळ. बाहेरच्या लोखंडी दाराच्या दोन झडपांपैकी एक वाऱ्याने खडखडते म्हणून तिचा नट त्याने असा आवळला, की ती कायमची बंद झाली. “नायना, आता मला तेवढं आवळू नका,” असे लक्ष्मी त्याला म्हणे.

शेवटच्या भेटीत मी निघालो, तेव्हा त्याने पाना माझ्यापुढे धरला.

“घ्या, रावसाहेब.” माझ्या करड्या चेहऱ्यावरून त्याने मला दिलेले हे नाव.

“खाली ठेव.”

“आता भांडायला मी कुठं असणार हाय? घ्या की.”

मी घेतला नाही. बरा हो आणि तूच घेऊन ये, म्हणालो. त्याने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिथूनही मी उचलला नाही. उचलला असता, तर तो परत येणार नाही हे मान्य केल्यासारखे झाले असते.

त्या सकाळी देह खाली न्यायचा होता. एवढ्याशा दारातून चौघांना निघता येईना आणि बंद झडपेचा नट कोणाच्या हाताने फिरेना. लक्ष्मीने कट्ट्यावरचा पाना आणून माझ्यापुढे धरला.

“ठेव,” मी म्हणालो.

माणसे माझ्याकडे पाहू लागली. तिला कळले. तिने तो उंबऱ्यावर ठेवला… मी वाकलो आणि उचलला. नट सुटायला वेळ लागला. आवळणारा नरसय्या होता.

आता तो पाना शेडमध्ये असतो. माग किंचित वेगळा वाजला की मी उठतो. बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. पण पुन्हा बसवत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी फ्लॅटवर परत गेलो. उघडी झडप खडखडत होती. ती ओढून लावली आणि नट आवळला.