एक ढग जास्तीचा

ग्वासिमारा वेधशाळेच्या ऑफिसात माझ्यासमोर बसते. डोंगरातल्या गाराफिया गावच्या शेळीवाल्या सेर्वांदोंची मुलगी. वडिलांचं चीज दर सोमवारी घेऊन येते आणि ते कापायला सुरी माझी मागते.

दूरच्या दीर्घिकेतला एक अवाढव्य तेजोमेघ तिने प्रबंधासाठी घेतला होता. तिथे तारे जन्मत असतात; त्यांचे झोत वायूला बाहेर रेटतात, गुरुत्व त्याला आत ओढतं. कुठला वायू किती वेगाने सरकतो, याचा नकाशा ती रंगांनी भरायची. मेघाची एक कड आपल्याकडे येणारी, दुसरी दूर जाणारी. सगळं जुळत होतं. फक्त दूर जाणाऱ्या कडेवर एक छोटा ढग होता, तो एकटाच आपल्याकडे धावत होता.

"नशीबवान आहेस, शोध लागला," लोक म्हणायचे. पण तो ढग तिथे का, हे तिला कशानेच सांगता येईना. प्रबंध तिथेच अडला आणि आता मुदत वाढवून मिळणार नव्हती.

ती चीज आणायलाही विसरू लागली, तेव्हा तिचे मार्गदर्शक उबाल्दो म्हणाले, "बाई, तो ढग आहे तरी का? उपकरणात दोन काचा समोरासमोर आहेत. पलीकडच्या कडेचा उजेड उलटून इथे पडला असेल. दुर्बीण जराशी हलवून मेघ चौकटीत डावीकडे घे. ढग खरा असेल तर सोबत सरकेल. प्रतिबिंब असेल तर उजवीकडे पळेल."

"आणि पळाला तर?"

"तर पळाला."

दुर्बीण आहे त्या रोकेच्या शिखरावर आभाळ निवळायला बरेच दिवस लागले. शेवटी एका दुपारी तिने जुनं आणि नवं चित्र शेजारी लावलं. मेघ डावीकडे गेला होता. छोटा ढग उजवीकडे.

तिने चेहरा ओंजळीत झाकला. खांदे हलायला लागले. मी पाणी घेऊन धावले, तर बाई हसत होती.

"नाहीच आहे गं तो! कधी नव्हताच!"

लगेच तिने घरी फोन लावला.

"बाबा, माझा एक ढग खोटा निघाला."

"मग रडतेस की काय?"

"नाही. हलकं वाटतंय."

"वाटणारच. गोठ्यात एक शेळी कमी भरली तर डोंगरातून शोधून आणता येते. जास्तीची निघाली की मेलो! दारोदार विचारत फिरायचं, 'तुमची का हो?'"

"दोन वर्षं तेच करत होते मी."

"रविवारी ये मग. चीज वाळून चाललंय."

प्रतिबिंब वगळल्यावर त्या कडेवरचा वायूही आता नकाशात शेजाऱ्यांसारखाच, निवांत दूर सरकताना दिसतो. अडलेलं प्रकरण तिने त्याच आठवड्यात लिहून काढलं.

सोमवारी मी सुरी आधीच काढून ठेवली होती.