मी रंगवलेला वीस

गुलमंडीमागच्या आमच्या तालमीतल्या लोखंडी प्लेटा कुठल्याशा भट्टीतून ओतून आणलेल्या. वरचे आकडे गंजून गेले तेव्हा उस्ताद मला म्हणाले, "ओ पोस्टरवाले, भिंतीपे इत्ता लिखता, इनपे भी नंबर डाल." मोर्च्याच्या घोषणा रंगवायचा ब्रश हातात होताच. एकेक प्लेट उचलली, अंदाज घेतला आणि लिहिलं: वीस, पंधरा. काट्यावर न्यावं हे डोक्यातच आलं नाही. सरकारचे आकडे खोटे म्हणून पत्रकांतून बोंबलणारा मी; स्वतःचा आकडा मला खरा वाटला.

त्याच प्लेटांवर देवगाव रंगारीचा माझा दोस्त जिल्ह्याच्या बेंच प्रेस निवडीची तयारी करत होता. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज भरता येणार होता आणि वयाची अट त्याच वर्षी संपत होती.

जास्तीत जास्त किती उचलेल ते बघायला छाती फोडायची नाही, असं उस्तादांचं म्हणणं. जे वजन पाचदा उचललं जाईल त्याला पाचानं गुणायचं, तिसानं भागायचं, येईल ते त्याच वजनात मिळवायचं. विकतचा वीस किलोचा दांडा, दोन्हीकडं एक वीस, एक पंधरा: दोस्तानं नव्वद पाचदा उचललं. म्हणजे एकदा उचलायची ताकद एकशे पाच. रोजचा सराव त्याच्या ऐंशी टक्क्यांवर ठरला, निवडीत सुरुवात शंभरनं.

निवडीत शंभर त्याच्या छातीवरून हललं नाही. सांगितलेलं वजन खाली आणता येत नाही. तीनही वेळा तेच. बाद.

"लई जड व्हतं रं," तो म्हणाला. "आपलं नव्वद इतकं हलकं कसं लागायचं?"

मी त्याचं ऐकलंच नाही, पेटलो. संयोजकांनी वजनात घोळ केला, असं पत्रक दुसऱ्याच दिवशी छापून वाटलं. मग पुरावा हवा म्हणून आमच्या प्लेटा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवल्या. वीसची सतरा भरली. पंधराची तेरा. त्याचं नव्वद ऐंशीच होतं.

एसटी स्टँडवर, तो गावाकडं निघताना, सांगून टाकलं. तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

"पत्रकात माझं नाव तर नाय ना घातलं?"

घातलं होतं. जाड अक्षरात, सगळ्यात वर.