पडद्यावर फिरणारा माझा नंबर

सरकारी भरतीच्या परीक्षेसाठी मी नाशिकच्या एका छोट्या क्लासचे धडे मोबाईलवर विकत घेतले. वयाच्या अटीत बसणारी माझी ती शेवटची संधी होती. त्या ॲपचा स्वभाव भारी संशयी. धडा एकाच मोबाईलवर दिसणार, रेकॉर्ड करायला गेलं की पडदा काळा होणार, आणि ज्याने विकत घेतलं त्याचा मोबाईल नंबर धड्यावर सतत इकडून तिकडे फिरत राहणार. कोणी कॉपी वाटली तर चोर लगेच सापडावा, म्हणून. सापडला की खातं बंद.

माझी धाकटी नणंदही त्याच परीक्षेला बसणार होती. आम्ही जव्हारला राहतो, तिचं सासर दाभोशाकडच्या एका पाड्यावर. तिलाही धडे विकतच घ्यायचे होते. पण डाउनलोड केलेला धडासुद्धा दर दोन दिवसांनी नेट मागायचा, नाही मिळालं की कुलूप. पाड्यावर नेटचा पत्ता नाही. मग काय, मोबाईलला नेट दाखवायला दर दोन दिवसांनी जीप पकडून जव्हारला यायचं? पैसे द्यायला तयार असलेल्या बाईला विकत घेऊन काही उपयोगच नव्हता. मला त्या क्लासवाल्यांचा मनस्वी राग आला.

मग आम्ही आमचा मार्ग काढला. माझा मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तिच्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने समोरून शूटिंग केलं. चार-पाच रविवार ती माहेरी यायची आणि आमचा हाच उद्योग चालायचा. शूटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या आल्या, मधेच माझा आवाज आला, "आई, गॅस बंद करा." माझा नंबर तर फिरतच होता. कोणाला देणार नाही, असा नणंदेने शब्द दिला.

तो तिने महिनाभर पाळला. त्यानंतर मला अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. मी उचलले नाहीत. क्लासवाल्यांनीच पकडलं, याबद्दल मला शंका नव्हती. परीक्षेला दोन महिने राहिलेले, आता खातं बंद झालं तर सगळं मुसळ केरात. रोज सकाळी उठल्या उठल्या मी आधी ॲप उघडून खातं चालू आहे ना, ते बघायची. फोन आठवड्यातून एकाच दिवशी यायचे, ओळीने तीन-चार. नवरा म्हणाला की क्लासवाले आठवड्यातून एकदाच रागावतात का? त्याला थट्टा सुचत होती, माझी झोप उडाली होती.

मी नणंदेला फैलावर घेतलं. तिने कबूल केलं. शेजारणीला दिलं होतं, शेजारणीने खोडाळ्याकडच्या बहिणीला, आणि पुढे कुठे गेलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "ती माझ्यासंगंच परीक्षेला बसतंय, वहिनी. मी एकटीच कशी बघू?" मी हेच तर केलं होतं.

पुढच्या आठवड्यात कपडे धुताना पुन्हा फोन आला. एकदाचा सोक्षमोक्ष लावू, म्हणून मी ओल्या हातानेच उचलला. पलीकडून एक मुलगी घाईघाईने बोलत होती. "मॅडम, कवापासून फोन लावतोय आमी, तुमी उचलतच नाय. त्या नळ-टाकीच्या गणितात अडलंय."

मला काही उलगडेना. हा नंबर कुठून मिळाला, असं विचारलं. ती म्हणाली, धड्यावर सारखा फिरतोय की. अडलं तर विचारायला दिलाय ना? त्या चौघी खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवर राहायच्या आणि बाजाराच्या दिवशी गावात आल्या की रेंज मिळाल्यावर फोन करायच्या. मग तिने विचारलं, "गॅस बंद करा म्हणतंय, त्या तुमीच ना?"

मी तिथेच ओल्या दगडावर बसले. इतकं हलकं वाटलं की हसू आणि रडू एकदमच आलं. गणित मात्र मलाही येत नव्हतं. अर्ध्या तासाने फोन करते, म्हणाले. त्यांची जीप सुटायच्या आत धडा दोनदा पाहिला, गणित सोडवलं आणि सांगितलं. फोन ठेवताना तिने विचारलं, "हे इकत कुठं मिळल, मॅडम? आमच्यात नेटबिगर चालल असं?"

त्या प्रश्नाने मला गप्प बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच क्लासला फोन केला. तिथे शिकवणारे सरच बोलत होते. मी सगळं सांगून टाकलं, डाळीच्या डब्यासकट. खातं बंद करायचं तर परीक्षेनंतर करा, एवढंच मागितलं. सरांनी पाड्यावर नेट कितपत मिळतं ते विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना विकत घ्यायचंय, आणि मीच घेऊ देत नाहीये."

खातं त्यांनी बंद केलं नाही. दोन आठवड्यांनी त्यांनी धडे मेमरी कार्डावर भरून द्यायला सुरुवात केली. कार्ड घालायचं आणि बघायचं, नेटची भानगड नाही. त्या कार्डांची पुढे कोणी कॉपी केली नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या चौघींनी आणि नणंदेने ती विकत घेतली, हे मी पाहिलंय.

कार्डावरच्या धड्यांवर कोणाचाच नंबर नव्हता. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी कामं लवकर उरकली आणि वही घेऊन फोनजवळ बसून राहिले. आता कोण कशाला फोन करेल, असं मनात येत होतं. दुपारी फोन वाजला आणि मी पहिल्याच रिंगला उचलला.