धावड्याची बॅट

"हे बॅट आहे का मोगरी?"

असं म्हणत भाऊंनी ती बॅट दोन बोटांनी उचलली, सगळ्यांना दाखवली आणि मातीत टाकली. ठेवली नाही. टाकली.

"धुनं धुवाले आली का गा ही पोरगी?"

टेबलाभोवतीचे हसले. कोच हसले, पोरींना कारने सोडायला आलेले आईबाप हसले. मीही हसलो.

ते हसू कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितो.

माझी आई लोकांच्या घरची धुणी धुवायची. मोगरी आपटून आपटून तिचा उजवा खांदा कायमचा वाकला. त्या मोगरीवर आमची चूल पेटायची. तोच शब्द माझ्यासमोर एका पोरीच्या तोंडावर फेकला गेला आणि मी दात दाखवले. कारण टेबलामागे, भाऊंच्या बाजूला, मला खुर्ची मिळाली होती. दुसरं कारण नाही.

मुलींच्या बेसबॉलची जिल्हा निवड चाचणी होती, चौदा वर्षांखालची. मी वाडीतल्या एका शाळेत खेळ शिकवतो. संघटनेचे सचिव म्हणजे हे भाऊ. त्यांनी मला बॅटी तपासायला बसवलं होतं. हातात लोखंडी कडं. बॅट कड्यातून आरपार गेली पाहिजे. चीर नको, पोचा नको. धातूची असेल तर तिच्यावर मान्यतेचा शिक्का पाहिजे. एका अखंड लाकडाची असेल तर शिक्का लागत नाही. चाचणीच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं होतं. भाऊंना माहीत होतं. मला माहीत होतं.

पोरगी माझ्याच शाळेची. प्रज्ञा. तिची आई गोदामात पोती शिवते. मामा लकडगंजात आरा मशीनवर आहे. त्याने धावड्याचा एक तुकडा बाजूला काढून खरादावर कातून ही बॅट करून दिली. धावडा म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड, फुटता फुटत नाही. कड्यातून सरळ गेली. मी खडूने पासची खूण केली. मग भाऊ आले. मोगरी म्हणून हसून झालं, बॅट मातीत टाकून झाली, आणि त्यांनी विचारलं,

"शिक्का कुठं आहे?"

प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती. मी कड्याकडे.

"भाऊ, लाकडाची आहे ते," एवढं बोललो. नियम आहे, हे बोललो नाही.

"मंग? उद्या कोनी पलंगाचा पाय घेऊन येईन. तुमच्या लोकायचं असंच आहे गा. हाती येईन ते उचलायचं आन् वरून हक्क म्हनायचा."

तुमच्या लोकायचं. या शब्दांचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

प्रज्ञाची ही शेवटची चाचणी होती. पुढच्या वर्षी ती या गटात बसत नाही. आज बॅट हातात धरली नाही तर राज्याच्या शिबिराचं दार बंद. म्हणून मी तिला म्हणालो, उसनी घे. हे भाऊंनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं.

शहरातल्या एका मोठ्या शाळेच्या बाकावर धातूच्या बॅटी ओळीने ठेवल्या होत्या. त्यांच्या कोचबाईंनी एक पुढे केली आणि प्रज्ञाने हात लावायच्या आधी मागे घेतली.

"आधी हात धुऊन ये वं. ग्रिप नवीन आहे."

मैदानातल्या सगळ्याच पोरींचे हात मातीचे होते. धुवायला एकीलाच सांगितलं.

प्रज्ञाने आपले तळवे पाहिले. मग माझ्याकडे वळली.

"मले नाही पाहिजे उसनी. माह्या बॅटले काय झालं सर? तुमीच तर पास केली."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरं पडलं असतं. पोरीला ओरडून गप्प करता आलं असतं.

मी त्या बाकाकडे गेलो. मोठ्या शाळेची एक बॅट उचलून टेबलावर आणली. पोटाशी पोचा होता. सकाळी तपासताना तो माझ्या अंगठ्याला लागला होता आणि मी अंगठा पुढे सरकवला होता. हेही लिहून ठेवतो.

"भाऊ, ही बाद."

"काहून?"

"पोचा आहे."

"अबे, थोडासा तं आहे."

"नियमात थोडासा नाही लिहिलं."

"तुले इथं कोनं बसवलं रे?"

"तुमीच बसवलं. बॅटी तपासाले. धावड्याची पास आहे, लाकडाले शिक्का लागत नाही. तुमाले माहीत आहे."

मागून कुणीतरी बोललं, "पोरींचा टाइम खराब करून राहिले हे." भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम गोड. "चल, चहा घे. त्या पोरीचं पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी. तिच्या वयाचा दाखला त्यांच्याच समोर पडलेला होता.

मी त्यांचा हात खाली केला. म्हणालो, "माही माय मोगरीनं धुनं धुवत होती, भाऊ. तुमच्यासारख्यायच्या घरचं. मगाशी मी हसलो. ते हसू वापस घेतो."

कडं माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. पोच्याची बॅट पास झाली. प्रज्ञाचं नाव पुकारलं. ती आपली बॅट घेऊन उभी राहिली. चेंडू टाकणाऱ्या पोरीला भाऊंनी हाताने थांबवलं. "बॅट खाली ठेव." तिने ठेवली नाही. बॅट खांद्यावर, नजर समोर, तशीच उभी. शेवटी त्यांनी पुढचं नाव पुकारलं. एकही चेंडू न टाकता तिची चाचणी संपली.

तिची निवड झाली नाही. मला संघटनेच्या पंचांच्या यादीतून काढलं. मी तक्रार दिली, तिला उत्तर नाही. मुख्याध्यापक म्हणतात, सर, आपली शाळा छोटी आहे, जमवून घ्या. आयुष्यभर जमवूनच घेतलं. त्यातूनच ते हसू आलं होतं.

प्रज्ञाचं जे गेलं ते गेलं. पहिल्याच वेळी, तिची बॅट मातीत पडली तेव्हा, मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हे ती मला विचारत नाही. मीही तिची माफी मागून मोकळा होणार नाही.

पुढची चाचणी होईल. वाडीच्या पोरी लाकडाच्याच बॅटी घेऊन येतील. नियम मी मराठीत करून एकेकीकडून पाठ करून घेतला आहे. त्या स्वतः बोलतील, मी त्यांच्या मागे उभा राहीन. यादीत नाव नाही म्हणून फाटकावर अडवलं तर बाप-काका म्हणून आत येईन. आणि एका जरी पोरीला लाकडाच्या बॅटीवर शिक्का मागितला, तर बॅटवाली जिच्या शेजारी उभी राहते त्या पांढऱ्या प्लेटवर मी बसेन. मग कुणाचीच चाचणी होणार नाही. मला तिथून उचलायला माणसं लागतील, भाऊ. आणून ठेवा.